उरलेल्या जागेतला आवाज

१

दोष मामाचा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे गोष्ट अशी वळणं घेते की ऐकणारा दोष यंत्राला देईल, वयाला देईल, आणि मामासारखी माणसं नेमकी त्याच फटीतून सटकतात. एक साधी दुरुस्ती करायची होती. मामाने ती करू दिली नाही. का करू दिली नाही, तेही येईलच.

मामाचा धंदा आठवण करून देण्याचा. मुलं दूर, आईबाप घरी एकटे, उशाशी गोळ्यांच्या डब्या. ठरलेल्या वेळी मामाचं यंत्र त्यांना फोन करायचं. "नमस्कार. नाश्ता झाला का? आता पांढरी गोळी घ्या. घेतली असेल तर एक दाबा." तिकडे मुलांना वाटायचं, आपण आईबापांचं किती बघतो. हे वाटणं मामा विकायचा.

फोनवरचा आवाज अर्ध्याच्या आईचा होता. अर्ध्या म्हणजे मामाचा भाचा. इंजिनिअरिंग मध्येच सोडून आला तेव्हा मामाने त्याला हे नाव ठेवलं आणि कामावरही ठेवलं. "आमच्याकडे अर्धा इंजिनिअर आहे," असं चारचौघांत सांगून मामा स्वतःच हसायचा. काम काय, तर सर्व्हर सांभाळायचा. सांभाळायचा म्हणजे त्याला हात लावायचा नाही.

धंदा सुरू करताना मामाने बहिणीला ऑफिसच्या अडगळीच्या खोलीत बसवलं होतं. भिंतींना रजया टांगल्या, मध्ये माइक ठेवला आणि तिच्याकडून एकेक शब्द सुटा वाचून घेतला. पांढरी. पिवळी. अर्धी. जेवणाआधी. जेवणानंतर. घ्या. यंत्र हे शब्द जोडून वाक्यं करायचं. तिनेही हौसेने केलं, दादाचं काम म्हणून. मग माहितीपत्रक छापून आलं. त्यात लिहिलं होतं, 'प्रशिक्षित कलाकाराचा आवाज'. सख्ख्या बहिणीचा आवाज वापरलाय म्हटलं तर ग्राहकांना घरगुती कारभार वाटेल, असं मामाचं म्हणणं.

आई तेव्हा काही बोलली नाही. पण ती बोलली नाही हीच मोठी गोष्ट होती. एरवी 'किती वाजले' विचारलं तरी ती वेळ सांगून झाल्यावर घड्याळ कुठे घेतलं, दुकानदार कसा तिरळा होता, त्याच्या बायकोचं पुढे काय झालं, इथपर्यंत जाऊन यायची. त्या दिवसापासून भावाला मात्र पाणी, चहा आणि 'बरंय'. त्यापुढे शब्द नाही.

२

तक्रारी घेणारी मुलगी दिवसभर गळ्यात हेडफोन घालून असायची, म्हणून तिला सगळे हेडफोनच म्हणत. एका सकाळी तिने अर्ध्याला खुणेने बोलावलं आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या.

"तक्रार नाहीये गं माझी," त्या म्हणत होत्या. "तुमच्या बाई गोड बोलतात. पण त्यांना म्हणावं, वाक्य पुरं करत जा. जीव टांगणीला लागतो."

"कुठलं वाक्य, मॅडम?"

"गोळी सांगून झाल्यावर त्या पुढे बोलतात ना, ते."

"पुढे काही नाहीये, मॅडम. 'घ्या' म्हणून संपतं."

"मला ऐकू येतं हो अजून. स्टुलावरून उतरा म्हणाल्या कोणाला तरी. उतरले का ते? एवढंच विचारते मी."

हेडफोनने फोन बंद केला आणि कपाळावर हात मारला. "या आठवड्यातल्या या चौथ्या. सगळ्यांनी मिळून ठरवलंय की काय? परवा एक आजोबा म्हणाले, बाईंना विचारा दूध उतू गेलं की वाचलं."

"वय झालं की कान वाजतात," अर्ध्या म्हणाला. म्हाताऱ्यांबद्दल बोलायचं झालं की तो एरवीही एवढंच बोलायचा.

पण गेलेल्या प्रत्येक फोनचं रेकॉर्डिंग ठेवलेलं असे. त्याने मुख्याध्यापिकांचा फोन काढला आणि कानाला लावला.

"आता पांढरी गोळी घ्या."

मग बारीकशी खरखर. कोणी श्वास घेतल्यासारखी. आणि मग आईचा आवाज, पण रजयांच्या खोलीत बसून काढलेला सपाट आवाज नव्हे. घरातला. मोकळा.

"...अहो, उतरा आधी स्टुलावरून! पडदा गेला तर गेला, हात मोडून घ्याल..."

आणि ती हसत होती. तोंडावर हात ठेवून हसू दाबणाऱ्या नव्या नवरीसारखी. तेवढ्यात फोन तुटला.

अर्ध्याने इकडेतिकडे पाहिलं. हेडफोन दुसऱ्या फोनवर 'हो मॅडम, हो मॅडम' करत होती. पंखा फिरत होता. त्याने ते पुन्हा ऐकलं नाही.

३

कारण सापडायला वेळ लागला नाही, आणि सापडल्यावर त्याला इतकं बरं वाटलं की तो एकटाच हसला.

सर्व्हरवरचा डेटाबेस म्हणजे शब्दांचं कोठार. फोन लावणारं यंत्र त्या कोठाराकडे एकेक शब्द मागतं, आणि मागताना तो किती लांब आहे हे सांगावं लागतं. प्रत्येक शब्दाचं माप वेगळं. मामाने सुरुवातीलाच डोकं चालवलं होतं. "शिंप्यासारखी मापं कसली घेत बसता? सगळ्यात लांब शब्दाचं माप सगळ्यांना लावा. फ्री साइज!" तसंच केलं गेलं, आणि चाललंही.

पण सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्येच एक भोक होतं. मागणाऱ्याने सांगितलेलं माप तो तपासून बघत नसे. 'घ्या' हा एवढासा शब्द. पण मागितला हातभर, तर सर्व्हर 'घ्या' द्यायचा आणि उरलेल्या जागेत आपल्या मेमरीत शेजारी जे पडलेलं असेल ते ओतून मोकळा व्हायचा. कोणाचंही. कधीचंही. पुसलेलंसुद्धा. सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी हे भोक स्वतःच जाहीर केलं होतं आणि बुजवायचं ठिगळही फुकट दिलं होतं. ते बसवायचं, सर्व्हर एकदा बंद करून पुन्हा सुरू करायचा, की मग मागितलं तेवढंच तो देणार, वर काही नाही. झालं.

पूर्वी मेमरी रिकामी होती, म्हणून उरलेल्या जागेत शांतता यायची. पण सर्व्हर उद्घाटनापासून कधी बंदच झाला नव्हता. 'एक क्षणही न थांबता' असं माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात होतं. कोणाचा हात लागू नये म्हणून मामाने त्याच्या स्विचवर साबणाच्या डबीचं झाकण स्क्रूने बसवून घेतलं होतं. इतक्या वर्षांत मेमरी तुडुंब भरली असणार. आणि आई काही गप्प बसून शब्द वाचणारी नव्हे. दोन शब्दांच्या मध्ये तिने घरचे किस्से सांगितले असणार, माइक चालू असणार. तेच आता झिरपत होतं.

असं सगळं नीट बसलं. मग तो अडगळीच्या खोलीत काही आणायला गेला आणि रजयांकडे बघत उभा राहिला. तेव्हा आईसमोर बसून रेकॉर्डिंग त्यानेच केलं होतं. पडद्याचा किस्सा तिने तिथे सांगितल्याचं त्याला आठवेना. आणि सांगितला असता तरी किस्सा सांगणारा माणूस 'ते स्टुलावर चढले होते' असं सांगतो. स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाला 'उतरा' म्हणत नाही.

४

घरी आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

पडद्याचा किस्सा अर्ध्याने जन्मभर ऐकलेला. वरच्या मजल्यावरची टाकी भरून वाहिली, पाणी खिडकीतून आत आलं, आणि नव्या संसाराचा एकुलता एक चांगला पडदा वाचवायला बाबा स्टुलावर चढले. बाबा गेल्यापासून तर पडदे धुवायला काढले की हा किस्सा व्हायचाच. तो कंटाळून म्हणायचा, "आई, पाठ झालंय." ती म्हणायची, "मग तू सांग, मी ऐकते." आणि स्वतःच सांगायची.

"आई, तो पडद्याचा किस्सा सांग ना."

"कुठला रे?"

"बाबा स्टुलावर चढले होते तो."

आईने हातातला टॉवेल तसाच धरून ठेवला. आठवणारा माणूस वर बघतो, बाजूला बघतो. ती कुठेच बघत नव्हती. हात घालावा आणि खिसाच नसावा, तसा तिचा चेहरा झाला.

"स्टुलावर? कशाला?" ती म्हणाली. मग हसली. "तुझ्या बाबांना तर उंचीची भीती वाटायची. काहीतरीच."

तिने टॉवेलची घडी घातली, आणि लगेच शेजारणीच्या नव्या सुनेबद्दल बोलायला लागली. भरभरून बोलली, नेहमीसारखी. तेवढ्यावर अर्ध्याने मन समजावलं. माणूस विसरतो. एक किस्सा विसरला म्हणून काय झालं.

५

दोन दिवसांनी तो ऑफिसातून परतला तर आई जिन्यात बसलेली. शेजारी पिशवी. हातात किल्ली.

"लागतच नाहीये रे," ती म्हणाली. "कुलूप बदललंस का?"

कुलूप तेच होतं. त्याला एक खोड होती. किल्ली जरा वर उचलून मग फिरवायची आणि त्याच वेळी डाव्या हाताने दार ओढायचं. ही युक्ती आईनेच शोधली होती, त्याला तिनेच शिकवली होती. अर्ध्याने दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबला. त्याच सकाळी एका आजोबांच्या फोनमध्ये, 'जेवणानंतर' या शब्दामागून, त्याने ऐकलं होतं:

"...वर उचल आधी. हां. आता फिरव. दार ओढ की रे, बावळटा..."

तेव्हा तो गालात हसला होता. घराची आठवण आली म्हणून.

पुढच्या दिवशी त्याने ठरवून परीक्षा घेतली. आपलं डोकं फिरलेलं नाही हे त्याला सिद्ध करायचं होतं, फिरलेलं निघालं असतं तरी चाललं असतं. नुकताच संपलेला एक फोन त्याने काढला. 'पिवळी' या शब्दामागून आई कोणाला तरी हाक मारत होती, "ए नकटे, चिंचा आणल्यास का?" नकटी ही आईची शाळेतली मैत्रीण. अजून सणावाराला फोन करायची. त्याने तिथूनच आईला फोन लावला.

"आई, नकटीचा फोन आला होता का गं एवढ्यात?"

"कोण नकटी?"

"तुझी मैत्रीण."

"अशी कशी रे नावं ठेवता तुम्ही लोकांना," आई म्हणाली. "मला नाही माहीत."

ऑफिसच्या दुसऱ्या टोकाला यंत्रावरचे दिवे लुकलुकत होते. एक दिवा म्हणजे एक चालू फोन. दिवसभर फोन. प्रत्येक फोनमध्ये इतके शब्द. प्रत्येक शब्दामागे उरलेली जागा, आणि ती भरायला कुठूनतरी काहीतरी घ्यायला हवंच.

डॉक्टरांनी आईला तपासलं, आज वार कोणता विचारलं, शंभरातून सात सात वजा करायला लावलं. सातांचं जमेना तर आई म्हणाली, "तुम्ही करून दाखवा बघू." डॉक्टर हसले. "वयाच्या मानाने ठीक आहे. थोडं विसरायचंच. आपण एक गोळी सुरू करू." आणि वर म्हणाले, "आठवणीसाठी ती फोनवाली सोय लावून टाका ना. छान आहे."

६

मामाच्या केबिनमध्ये अर्ध्याने सगळं सांगितलं. आईचं सांगितलं नाही. फक्त भोक, माप, ठिगळ. ऐकताना मामा दातात काडी घालत होता.

"झालं बोलून? आता बाहेर जा."

"मामा, लोकांच्या फोनमध्ये भलतंसलतं जातंय. तक्रारी येतायत."

"तक्रारी?" मामाने पुढे वाकून दात दाखवले. "अरे, लोक फोन ठेवेनासे झालेत. त्या मास्तरीण बाईंनी स्वतःच्या बहिणीलापण ग्राहक केलं. 'बाई फार आपुलकीने बोलतात' म्हणे. आणि हा आला, भोक बुजवायला! कॉलेजात काय कमी भोकं पाडून आलास?"

"थोडा वेळ बंद ठेवायचाय फक्त."

"बंद झालेला परत सुरू होईल कशावरून? तुझी गॅरंटी? तू घेतलेलं काम कधी पुरं केलंयस ते सांग. एक सांग."

यावर अर्ध्याकडे उत्तर नसणार हे मामाला ठाऊक होतं. या माणसांची हीच रीत. प्रश्न सर्व्हरचा असो की घराचा, उत्तर देताना तुमच्या पदवीवर बोट ठेवायचं.

"आईला विसरायला होतंय," अर्ध्या शेवटी म्हणाला. "जे फोनमध्ये जातं ना, तेच. नेमकं तेच."

त्याला वाटलं होतं मामा हसेल. मामा हसला नाही. दातातली काडी त्याने बाहेर काढली, टेबलावर आडवी ठेवली, आणि तिच्याकडे बघत राहिला.

"दार ओढून घे जाताना," तो म्हणाला.

७

मामा का हसला नाही, हे अर्ध्याच्या डोक्यातून जाईना. दुपारी सगळे जेवायला खाली गेले तेव्हा तो पुन्हा केबिनकडे निघाला. दार लोटलेलं होतं. आतून आवाज येत होता.

"आता पांढरी गोळी घ्या."

पुढचं फार हळू होतं. त्याने फटीतून पाहिलं. मामा खुर्चीत मागे रेलून बसला होता, डोळे मिटलेले, फोन समोर स्पीकरवर. फोन संपला की तो डोळे न उघडता बटण दाबायचा आणि यंत्र त्याला पुन्हा फोन लावायचं. आपल्याच यंत्रात त्याने स्वतःला ग्राहक करून घेतलं होतं. त्या बटणावरचा आकडा बोटांनी पुसत आला होता. हे आजचं नव्हतं.

"नमस्कार. आता पांढरी गोळी घ्या."

खरखर. श्वास. आणि मग एक लहान मुलगी बोलली.

"दादा, मलापण वर घे ना. दादा, हात दे."

रजयांच्या खोलीत बसली होती ती केस पिकलेली बाई. हा आवाज माइकसमोर कधीच आला नव्हता. कुठल्याच माइकसमोर नाही. पण शब्दाच्या शेवटी जरा वर उचलण्याची ती लकब त्याने जन्मल्यापासून ऐकली होती.

"आलो, आलो," मामा डोळे मिटूनच म्हणाला. "घट्ट धर."

"पडीन मी."

"मी आहे ना."

मुलगी हसली. मग थांबली. पानं हलल्यासारखा आवाज झाला. लहान मूल मध्येच कान टवकारतं तशी ती गप्प झाली, आणि अगदी हळू, फोनच्या अगदी जवळ येऊन म्हणाली,

"दादा, दारात कोण आहे?"

मामाने डोळे उघडले आणि सरळ फटीकडे पाहिलं.

८

"ती माझ्याशी बोलते," मामा म्हणाला. आरडाओरडा नाही, टोमणा नाही. त्यामुळेच ते ऐकवेना. "तिकडे घरी मला पाणी देते आणि आत जाते. एवढी वर्षं. इथे बोलते."

"मामा, ती तिकडे रिकामी होतेय."

"वय झालंय तिचं. हे सगळं जाणारच होतं कधीतरी. इथे निदान आहे तरी कुठेतरी." मामाने फोनवर तळहात ठेवला, झाकल्यासारखा. "तू बंद करणार म्हणतोस. मेमरी पुसली जाणार. तिकडे तर आता नाहीये ते, इथूनही गेलं की कुठे राहणार? सांग ना, इंजिनिअर. झाड कुठे राहणार?"

कुठलं झाड, हे अर्ध्याला माहीतही नव्हतं. आईने ते कधी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगणार नव्हती. दोष मामाचा खरा, पण त्या क्षणी मामाचा प्रश्नही खरा होता, आणि त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

बाहेरून हेडफोनची हाक आली. ती हसत होती. "अरे, हे ऐक! तुझी आई! एका आजींच्या फोनमध्ये चक्क तुझं नाव घेतलं. खरं नाव! मी विसरूनच गेले होते तुला ते आहे म्हणून."

ते नाव ऑफिसात कोणी घेत नसे. कॉलेजात हजेरीला घेत असत. आता जगात फक्त एकच माणूस त्याला त्या नावाने हाक मारत होता.

तो मामाला ढकलून सर्व्हरच्या खोलीकडे धावला. धावता धावता घरी फोन लावला, आणि दाराला आतून कडी घातली.

"हॅलो," आई म्हणाली. "कोण बोलतंय?"

"मी आहे."

"मी कोण? आवाज ओळखीचा आहे हो, पण..." मागे नळ चालू होता. भांडी घासत असणार. "थांबा हं, आता आठवेल. तुम्ही ते... बघा, जिभेवर आहे अगदी."

अर्ध्याने फोन खांद्यात धरला आणि ठिगळ बसवायला घेतलं. बाहेरून मामा दारावर थापा मारत होता. आधी 'अर्ध्या, अर्ध्या' करून, मग शिव्या देऊन, मग नुसतंच.

"आई, तू बोलत राहा. काहीही बोल."

"काय बोलू? बोलायचं तर खूप होतं," ती म्हणाली, आणि तिलाच हसू आलं. "सकाळपासून असं होतंय बघा. तोंड उघडते आणि पुढचं कोणीतरी उचलून नेतं. आता हेच घ्या, मी तुम्हाला सांगत होते की..."

साबणाच्या डबीचं झाकण त्याने पेचकसाने उचकटलं. ठिगळ बसलं होतं. फक्त बंद करून सुरू करायचं बाकी होतं. त्याने स्विचवर बोट ठेवलं. दारावरच्या थापा थांबल्या. दारापलीकडून, अगदी खालून, मामा जमिनीवर बसला असावा अशा उंचीवरून, आवाज आला. "थांब रे. एकदा ऐकू दे. शेवटचं."

"...सांगत होते की तो लहान असताना..." आई म्हणाली.

अर्ध्याने स्विच बंद केला.

पंख्यांची घरघर ओसरत गेली. या खोलीत कधीच शांतता झाली नव्हती, त्यामुळे कान दुखल्यासारखे झाले. फोन चालू होता. पलीकडे नळ वाहत होता. आई बोलायची थांबली होती. शब्दाच्या मध्येच, 'असता' आणि 'ना' यांच्या मध्ये कोणी सुरी फिरवावी तशी.

"आई?"

नळ. फक्त नळ. फोन पडला नव्हता, ती पडली नव्हती. पडल्याचा आवाज झाला असता. ती तिथेच उभी होती. तिचा श्वास ऐकू येतो का म्हणून त्याने कान दाबून धरला. सिंकमध्ये पाणी भरत गेलं, काठावरून खाली फरशीवर पडू लागलं. तिचे पाय तिथेच असणार. ती हलली नाही.

त्याने स्विच सुरू केला. दिवे लागायला लागले, एकामागून एक, इतके सावकाश की त्याने देवाचं नाव घेतलं असतं. त्याला ते जमत नव्हतं. पंखे फिरले. शेवटचा दिवा लागला.

"आई?"

"हो."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बरी आहेस ना?"

"हो."

"मी कोण, ओळखलंस?"

"हो."

तो थांबला. तिचं पुढचं ऐकायला थांबला. पुढचं आलं नाही. पाणी फरशीवर पडत होतं.

"कोण आहे मी?"

तिने त्याचं नाव सांगितलं. मग बाबांचं नाव, मग आडनाव. कॉलेजच्या अर्जावर होतं तसं, ओळीने.

"आई, नळ चालू आहे का?"

"हो."

"मग बंद कर ना!"

पावलं पाण्यात वाजली. नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग काहीच आलं नाही. ती फोनवर होती, आणि त्याने काही विचारलेलं नव्हतं.

९

आता फोनमध्ये गोळीपुढे काही येत नाही. 'घ्या' म्हटलं की संपतं. मुख्याध्यापिका बाईंनी दोनदा फोन करून विचारलं, त्या बाई आजारी आहेत का. मग त्यांनी सेवा बंद केली. बाकीचे ग्राहक आहेत. मामाचा धंदा बरा चाललाय. अर्ध्याने नोकरी सोडली, तर मामा लोकांना सांगतो की हेही अर्ध्यातच सोडलं.

डॉक्टरांनी आईला पुन्हा तपासलं. वार, महिना, शंभरातून सात, घरातल्या सगळ्यांची नावं, लग्न कुठे झालं, पहिला मुलगा कधी. तिने एकही उत्तर चुकवलं नाही. डॉक्टर म्हणाले, गोळी लागू पडली, असा गुण सगळ्यांना येत नाही. सातांची वजाबाकी करताना त्यांनी 'बास' म्हणेपर्यंत ती थांबली नाही.

मामा हल्ली सुट्टीच्या दिवशी येतो. हातात फळं असतात. तिच्यासमोर खुर्ची ओढून बसतो आणि विचारतो, "आपल्या घरामागे झाड होतं, आठवतं?" ती म्हणते, "हो." तो विचारतो, "तू वर चढायचीस?" ती म्हणते, "हो." "मी हात द्यायचो?" "हो." मग त्याचे प्रश्न संपतात, कारण त्याला स्वतःलाही त्या दुपारचं एवढंच ठाऊक आहे. बाकीचं तिच्याकडे होतं, आणि काय विचारलं की ते येईल हे कोणाला माहीत नाही. तो फळं ठेवून जातो. मामाला अर्ध्याने अजून क्षमा केलेली नाही आणि करायचा विचारही नाही.

त्याची आई जिवंत आहे, तब्येत ठणठणीत आहे, आणि विचारल्याशिवाय ती त्याच्याशी एक शब्दही बोलत नाही.